थर्माकोल रिसायकल होतो, मग भंगारवाला तो का घेत नाही?

नवा टीव्ही किंवा फ्रिज घरी आला की पुठ्ठ्याचं खोकं भंगारवाला लगेच उचलतो. आतला थर्माकोल मात्र 'हे नको' म्हणत तिथेच ठेवतो. मग तो गच्चीवर पडून राहतो, घंटागाडीत जातो किंवा मोकळ्या प्लॉटवर जाळला जातो. खरं तर थर्माकोल रिसायकल करता येतो. मग घोडं अडतं कुठे?

थर्माकोल नेमका कशाचा असतो?

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. हे पेट्रोलियमपासून बनणारं प्लास्टिक आहे आणि त्यावर त्रिकोणात ६ हा आकडा असतो. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांमध्ये पेंटेन वायू असतो. त्यांना वाफ दिली की ते सुमारे ४० पट फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. तयार थर्माकोलमध्ये जवळपास ९८ टक्के हवा आणि २ टक्के प्लास्टिक असतं.

भंगारवाल्याला तो का परवडत नाही?

भंगार किलोवर विकलं जातं आणि थर्माकोलला वजनच नसतं. एक घनमीटर थर्माकोल साधारण १५ ते २० किलो भरतो. समजा, टेम्पोत ५ घनमीटर माल बसतो. तो गच्च भरला तरी जेमतेम ७५ ते १०० किलो होतो. म्हणजे डिझेल जळतं ते हवा वाहून नेण्यासाठी!

तोच माल आधी यंत्रात दाबला तर घनमीटरला सुमारे ३०० किलो भरतो. मग १०० किलो थर्माकोल साडेतीनशे लिटरच्या टाकीएवढ्या जागेत मावतो. म्हणून थर्माकोल जिथे गोळा होतो तिथेच दाबला गेला, तरच पुढचं गणित जमतं.

रिसायकल कसा करतात?

आधी चिकटपट्टी, कागद आणि घाण काढतात. मग तुकडे करून ते दाबतात किंवा गरम करून वितळवतात. त्यातून घट्ट ठोकळे निघतात. हे ठोकळे कारखान्यात पुन्हा वितळवून त्यांचे दाणे पाडतात. हे दाणे म्हणजे नव्या वस्तूंचा कच्चा माल.

लिमोनिन या संत्र्याच्या सालीतल्या तेलात थर्माकोल विरघळवण्याची पद्धतही विकसित झाली आहे. पेट्रोल किंवा थिनर वापरून घरी मात्र असा प्रयोग करू नका. त्यांची वाफ लगेच पेट घेते.

त्यातून काय बनतं?

- फोटोफ्रेमच्या पट्ट्या, भिंतीच्या आणि छताच्या कडेच्या नक्षीदार पट्ट्या
- कपड्यांचे हँगर, पट्ट्या, पेनसारख्या वस्तू
- न वितळवता भुगा केला, तर बीन बॅगचं भरण
- हलक्या काँक्रीटमध्ये खडीऐवजी मणी
- थोड्या प्रमाणात मिसळून पुन्हा पॅकिंगचा थर्माकोल

तेलकट पत्रावळी आणि रंगवलेले मखर मात्र यात चालत नाहीत. इमारतीतून निघालेल्या जुन्या शीट वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांतल्या काहींमध्ये आग रोखण्यासाठी एचबीसीडी हे रसायन असतं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे.

बंदी आहे ना, मग थर्माकोल येतो कुठून?

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून थर्माकोलची ताटं, वाट्या, पेले आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. पहिल्यांदा सापडल्यास दंड ५ हजार रुपये. पुढे १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. पण टीव्ही, फ्रिज, औषधं यांच्या पॅकिंगमधून तो घरी येतच राहतो.

पडेगावने काय शिकवलं?

याच २०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध आसपासचे गावकरी रस्त्यावर उतरले आणि गाड्या थांबल्या. कचरा पडेगाव-मिटमिटा भागाकडे वळवताच ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. शहराचा कचरा दुसऱ्याच्या दारात टाकून चालत नाही, हे तेव्हा कळलं. पुढे चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल इथे कचरा प्रक्रिया केंद्रं उभी करण्याचा मार्ग घेतला गेला.

थर्माकोल कमी वजनात खूप जागा अडवतो. अशा केंद्रांवर तो वेगळा काढून तिथेच दाबला, तर कचऱ्यातलं हे ओझं विकण्याजोगा माल होऊ शकतं.

आपण काय करायचं?

- थर्माकोल जाळू नका. त्यातून काळा, घातक धूर निघतो.
- तो कुस्करू नका. सुटलेले मणी नाल्यात जातात आणि गोळा करता येत नाहीत.
- चिकटपट्टी काढून तो कोरडा ठेवा आणि सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून द्या.
- नवी वस्तू घेताना पॅकिंग परत नेणार का, हे दुकानदाराला विचारा.
- गौरी-गणपतीची आरास कापड, पुठ्ठा किंवा बांबूची करा.

थर्माकोल वेगळा आणि स्वच्छ मिळाला तरच यंत्राचा उपयोग. त्याची सुरुवात आपल्या घरातूनच होते.