फ्लॉरेन्स येथील मौन भोजनगृहें

लिओनार्दो दा विंची यानें रंगविलेल्या प्रभूच्या शेवटच्या भोजनाची प्रतिमा जेथें नाहीं असें घर आपल्या धर्मग्रामांत क्वचितच सांपडेल. जेवणाच्या मेजावरच्या भिंतीस ती लावावयाची हा रिवाज आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, मूळ चित्रही एका भोजनगृहाच्याच भिंतीवर आहे हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मिलान शहरीं सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए या नांवाचा डोमिनिकन मठ आहे. त्याच्या भोजनगृहांत सुमारें १४९५ पासून १४९८ पर्यंत लिओनार्दोनें हें काम केलें. समोरच्या भिंतीवर दोनातो मोन्तोर्फानो या चित्रकारानें १४९५ मध्यें क्रूसावरील मरणाचा प्रसंग रेखाटला. एका अंगास प्रभूचें मेज, दुसऱ्या अंगास त्याचा क्रूस, आणि मध्यें मठवासीयांचीं आपलीं साधीं मेजें, अशी ती रचना होती.

आज तें चित्र पाहावयाचें म्हणजे पुष्कळ दिवस आधीं नांव नोंदवावें लागतें. मोजक्या माणसांची तुकडी आंत सोडतात व १५ मिनिटांनीं बाहेर काढतात. याबद्दल तेथील व्यवस्थापकांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. भिंतीवर चित्र काढण्याची जुनी रीत अशी कीं, चुन्याचा गिलावा ओला असतांनाच त्यावर रंग द्यावयाचा, म्हणजे गिलावा वाळतांना रंग त्यांतच बसून जातो. परंतु या रीतींत हात झपाट्यानें चालावा लागतो, आणि लिओनार्दो तर विचार करीत, थांबत, पुनः पुनः फेरफार करीत काम करणारा पुरुष. त्यानें कोरड्या भिंतीवर रंग चढविले, आणि त्याच्या हयातींतच ते सुटूं लागले. पुढें १६५२ मध्यें मठवासीयांनीं त्याच भिंतींत दार पाडिलें व त्यांत प्रभूचे पाय गेले! १७९६ मध्यें फ्रेंच सैनिकांनीं त्या दालनाचा तबेला केला. १९४३ च्या ऑगस्ट महिन्यांत बाँब पडून छप्पर कोसळलें, तेव्हां वाळूच्या पोत्यांच्या आडोशानें चित्राची भिंत तेवढी वांचली. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेलें जीर्णोद्धाराचें काम १९९९ मध्यें संपलें. अशा जर्जर वस्तूस माणसांच्या श्वासाची व धुळीची भीति असावी यांत नवल तें काय?

तरी एक गोष्ट खरी कीं, १५ मिनिटांत, खांद्यास खांदा लावून, घड्याळाकडे डोळा ठेवून जें पाहिलें जातें तें त्या चित्राच्या धन्यांनीं पाहिलेलें चित्र नव्हे. रोम येथें सिस्टीन प्रार्थनामंदिरांत तर याहून विपरीत प्रकार आहे. व्हॅटिकनच्या संग्रहालयांत २०१९ या एका वर्षांत साठ लाखांहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांतील बहुतेकांचें लक्ष्य तें एक छत. मिकेलान्जेलोनें १५०८ ते १५१२ पर्यंत मान वर करून रंगविलेल्या त्या छताखालीं पहारेकरी शांतता राखण्याविषयीं मोठ्यानें ओरडत असतात.

संत बेनेदिक्ताच्या नियमावलींत अशी आज्ञा आहे कीं, भोजनसमयीं मठवासीयांनीं मौन पाळावें व एकानें सर्वांस ऐकूं जाईल असें वाचन करावें. ही चाल पुढें इतर संघांतही पसरली, आणि सेमिनरींत ती आमच्याही वांट्यास आली. कान वाचनाकडे व हात ताटाकडे असतांना डोळे मात्र मोकळे राहतात, हें ज्यानें अनुभविलें आहे त्यास त्या भिंतीवर चित्र कां हवें तें सांगावें लागत नाहीं. तेंच चित्र, तींच माणसें, दररोज, जन्मभर. अशा भोजनगृहास व त्यांतील चित्रास इटलींत 'चेनाकोलो' म्हणतात, आणि फ्लॉरेन्स या एका शहरीं असे कित्येक चेनाकोलो अद्यापि उभे आहेत. उफिझी संग्रहालयाच्या दारीं रांग लागलेली असते त्याच घटकेस यांतील एखाद्या दालनांत पाखरूंही नसतें.

यांत आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतो तो सान्त आपोल्लोनिया येथील. तो बेनेडिक्टीन धर्मभगिनींचा मठ होता. १४४७ मध्यें आंद्रेआ देल कास्तान्यो यानें तेथील भिंत रंगविली. खालचा भाग सुमारें दहा मीटर लांब असून त्यांत शेवटचें भोजन आहे, वरच्या भागांत पुनरुत्थान, क्रूसावरील मरण व प्रभूस कबरेंत ठेवणें हे प्रसंग आहेत. प्रेषित एका रंगीबेरंगी संगमरवरी दालनांत ताठ बसले आहेत. कोणी हात उगारीत नाहीं, कोणी उठून उभा राहत नाहीं. यूदा तेवढा मेजाच्या अलीकडच्या बाजूस एकटा बसला आहे. आतां नजर वर न्यावी. पाठीमागच्या भिंतीवर संगमरवराच्या चौकटी रंगविल्या आहेत, त्या सर्व शांत. परंतु ख्रिस्त, पेत्र व यूदा यांच्या डोक्यांवर जी चौकट येते तिच्या दगडांतल्या शिरा विजेप्रमाणें कडाडून फुटल्या आहेत. माणसें बोलत नाहींत म्हणून दगड बोलूं लागला, असेंच म्हणावेंसें वाटतें. ही चौकट धांवत्या प्रवाशाच्या दृष्टीस पडणें कठीण. आम्हांसही ती पहिल्या दृष्टिक्षेपांत दिसली नाहीं. बाकावर पुष्कळ वेळ बसल्यावर दिसली, आणि तेवढ्या वेळांत दालनांत दुसरीं दोनच माणसें येऊन गेलीं.

त्या मठांत पडद्याचा नियम इतका कडक होता कीं, बाहेरच्या माणसाचा तेथें प्रवेशच होत नसे. इटालियन चित्रकारांचीं चरित्रें लिहिणाऱ्या वासारीसही या चित्राचा पत्ता लागला नाहीं. चारशें वर्षें तें धर्मभगिनींच्या पिढ्यांमागून पिढ्यांनीं पाहिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत इटलीच्या नव्या सरकारनें मठ खालसा केले, आणि तेव्हां कोठें जगास त्याची ओळख पडली. १८९१ पासून तें दालन संग्रहालय म्हणून उघडें आहे.

येथें आमच्या मनांत एक शल्य आहे तें लपवीत नाहीं. ही शांतता आज आपणांस सुखाची वाटते, परंतु ती मौनव्रताची शांतता नव्हे. घर सोडून माणसें गेलीं त्या घराची ती शांतता आहे. १८६६ च्या कायद्यानें मठांची मालमत्ता हिरावली गेली हा अन्याय आम्ही अन्यायच म्हणूं. तथापि तो झाला नसता तर कास्तान्योचें चित्र आमच्या डोळ्यांस पडलें नसतें, हेंही तितकेंच खरें. या दोन गोष्टींची वजाबाकी करून उत्तर काढणें आम्हांस साधलेलें नाहीं.

आर्नो नदीच्या कांठीं ओन्यिस्सान्ति, म्हणजे सर्व संतांचें, ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या शेजारच्या भोजनगृहांत दोमेनिको गिर्लान्दायो यानें १४८० मध्यें हाच प्रसंग रंगविला. कास्तान्योची करडी शिस्त येथें नाहीं. मागें बागेंतलीं झाडें डोकावतात, आकाशांत पक्षी उडतात, खिडकींत मोर बसला आहे आणि मेजावर चेरीचीं फळें विखुरलीं आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं नदीस महापूर आला, त्यानंतर हें चित्र भिंतीवरून सोडवून घेण्यांत आलें. त्याखालीं चित्रकारानें तांबड्या मातीनें काढलेला पहिला आराखडा सांपडला. तोही त्याच दालनांत लावलेला आहे. चित्रकारानें विचार कोठें बदलला हें दोन्हींकडे आळीपाळीनें पाहून शोधण्यांत मोठी मौज आहे. ख्रिस्तमंदिरांत गिर्लान्दायोचा संत जेरोम व बोत्तिचेल्लीचा संत ऑगस्तीन समोरासमोर आहेत, दोन्ही १४८० मधील. बोत्तिचेल्लीची कबरही येथेंच. उफिझींत त्याच्या चित्रांपुढें उभें राहण्यास जागा मिळत नाहीं, येथें तो स्वतः निवांत पडला आहे.

शहराच्या पूर्वेस सान साल्वी आहे. हा व्हालोम्ब्रोसन संघाचा मठ. येथील भोजनगृहांत आंद्रेआ देल सार्तोनें १५२६-२७ च्या सुमारास केलेलें काम आहे. त्यानें यूदास मेजाच्या अलीकडे एकटा बसविला नाहीं, ख्रिस्ताच्या अगदीं शेजारीं बसविला. शत्रु ओळखण्याची सोय आपणांस ठेविली नाहीं. १५२९ मध्यें बादशहा पांचवा चार्ल्स व पोप सातवा क्लेमेंत यांच्या सैन्यानें फ्लॉरेन्सला वेढा घातला. (पोप स्वतः याच शहरच्या मेदिची घराण्यांतला, इतिहासांत अशीं पानेंही येतात, तीं वाचलींच पाहिजेत.) शत्रूस आसरा मिळूं नये म्हणून नागरिकांनीं तटाबाहेरील इमारती पाडण्यास माणसें पाठविलीं. वासारी सांगतो कीं, त्यांनीं सान साल्वीचें पुष्कळसें बांधकाम जमीनदोस्त केलें, आणि भोजनगृहाशीं येऊन हें चित्र पाहतांच त्यांचा हात थांबला. त्या माणसांनीं तें चित्र किती वेळ पाहिलें असेल? पहार हातांत, वर धूळ, मागें शत्रूचें भय. आणि तरी तेवढें पाहणें पुरलें. भिंत आजही उभी आहे.

आतां शेवटचें. सान्ता मारिया नोव्हेल्ला हें ख्रिस्तमंदिर रेल्वेच्या स्थानकासमोरच आहे. तेथील संग्रहालयांत २०१९ पासून एक निराळें शेवटचें भोजन मांडलेलें आहे. तें प्लाउतिल्ला नेल्ली या डोमिनिकन धर्मभगिनीनें सोळाव्या शतकांत आपल्याच मठाच्या भोजनगृहासाठीं कापडावर रंगविलें. लांबी सुमारें सात मीटर. स्त्रीच्या हातचें इतकें मोठें शेवटचें भोजन त्या काळचें दुसरें ठाऊक नाहीं. प्रेषितांचे हात व चेहरे पाहून कोणी म्हणेल कीं कास्तान्योचा कस येथें नाहीं, आणि तें खरेंही आहे. परंतु मेजाकडे पाहावें. चादरीच्या घड्या नुकत्या मोडलेल्या, त्यावर कोंकरूं, भाकरी, द्राक्षारस, शेंगांतले दाणे, हिरवा पाला. हें मेज रोज मांडणाऱ्या बाईनें मांडलेलें आहे. वरच्या कोपऱ्यांत तिनें आपलें नांव लिहून ठेविलें आहे, व त्यापुढें लॅटिन भाषेंत तीन शब्दांची विनंति आहे, कीं चित्र काढणारीसाठीं प्रार्थना करा.

रोमच्या यात्रेस निघणाऱ्या आपल्या मंडळींस फ्लॉरेन्समध्यें बहुधा एकच दिवस मिळतो. त्यांनीं स्थानकावर उतरून आधीं नेल्ली पाहावी व तेथून पंधरा-वीस मिनिटें चालत सान्त आपोल्लोनियास जावें. हीं दालनें पुष्कळदां सकाळच्या वेळींच उघडीं असतात, व कांहीं वारीं मुळींच उघडत नाहींत, म्हणून वार व वेळ आधीं विचारून घ्यावी. बसावयास बाक असतो. त्यावर बसावें.