दिव्यामागची तार

दिवाळीत दिव्यांचे कौतुक करावे, हे रीतीला धरूनच आहे. पणती झाली, आकाशकंदील झाला, बाजारपेठेतील रोषणाई झाली. या सर्वांवर आपल्या लेखकमंडळींनी आजवर पुष्कळ लिहिले आहे. पण त्या रोषणाईमागे भिंतीतून, छतातून दडून गेलेली जी तार असते, तिची विचारपूस कोणी करीत नाही. दुकान अंधारात गेले म्हणजेच आपल्याला तिची आठवण होते! आज या उपेक्षित तारेचाच थोडा इतिहास सांगावा, असे मनात आहे.

विजेचा दिवा म्हटला की एडिसनचे नाव घ्यायचे आणि १८७९ साल सांगायचे, असा आपला प्रघात आहे. त्यात खोटे काही नाही. परंतु प्रयोगशाळेत दिवा पेटणे ही एक गोष्ट, आणि तो परक्याच्या पेढीवर रोज संध्याकाळी बिनबोभाट पेटणे ही अगदी दुसरी गोष्ट. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले होते. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने नगरपालिकेशी करार करून तो प्रयोग केला. पण पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. मुंबईत वीज कायमची नांदायला १९०५ साल उजाडावे लागले.

त्याच १८८२ साली, ४ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता, न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजघर सुरू झाले. वॉल स्ट्रीटवरील जे. पी. मॉर्गन या सावकाराच्या पेढीत उभे राहून एडिसनने स्वतः दिवे लावले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कचेरीतही त्या दिवशी बावन्न दिवे लागले. पहिल्या दिवशीचे एकंदर दिवे सुमारे चारशे! आजच्या एखाद्या मंगल कार्यालयात याहून अधिक असतात. पण हे चारशे दिवे लावण्यासाठी तांबे किती लागावे, हाच खरा पेच होता. दिवा जितका लांब, तितकी तार जाड हवी. नाहीतर शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचेतो दिव्याचे तेज मावळायचे. तांबे काही स्वस्त नव्हते.

हा पेच सोडवणारी युक्ती मोठी देखणी आहे. दोन डायनॅमो एकापुढे एक जोडायचे आणि त्यांच्या मधोमध तिसरी तार काढायची. दोन कडेच्या तारांमध्ये दाब दुप्पट. पण प्रत्येक दिवा कडेच्या एका तारेला आणि मधल्या तारेला जोडलेला, म्हणून त्याला पूर्वीइतकाच दाब मिळतो. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच उजेडाला प्रवाह निम्मा पुरतो आणि तारा बारीक चालतात. हिशेब मांडला तर तांब्यात साठ टक्क्यांहून अधिक बचत होते. ही कल्पना इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन यांना आणि अमेरिकेत एडिसनला स्वतंत्रपणे सुचली. ४ जुलै १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातील सनबरी या लहान गावी ती प्रत्यक्षात आली आणि तेथील सिटी हॉटेल उजळले.

मात्र या युक्तीला एक अट होती. दोन्ही बाजूंना दिवे सारखे वाटले पाहिजेत. तराजूचे एक पारडे जड झाले की मधल्या तारेवर ताण येतो; आणि ती तार मध्येच तुटली, तर एका बाजूचे दिवे मंदावतात व दुसऱ्या बाजूचे जळून जातात. म्हणजे साहेबाने कागदावर केलेली बचत सांभाळायची कोणी? तर शिडीवर चढलेल्या वायरमनने!

हे वायरमन आणायचे तरी कोठून? तो धंदाच अस्तित्वात नव्हता. घरोघरी घंटा बसवणारे, तारायंत्रावरचे, असे लोक गोळा करण्यात आले. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, ६५ नंबरच्या कचेरीत, त्यांच्यासाठी चक्क रात्रीची शाळा निघाली. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे मला वीजघरापेक्षा या शाळेचेच अप्रूप अधिक वाटते. दिवसभर हातोडी मारलेले हात रात्री पाटीवर गणित सोडवीत आहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा.

आणि शिकवणीची गरजही तशीच होती. मॉर्गनने आपल्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील राहत्या घरातही वीज घेतली होती. एका रात्री घरची मंडळी ऑपेराला गेली असताना अभ्यासिकेतील मेजाजवळच्या तारांनी पेट घेतला. मेज जळाले, गालिचा जळाला. दुसऱ्या दिवशी एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांना बोलावणे गेले. त्यांनी सबब सांगितली नाही. दोष विजेचा नसून तारा ओढण्याच्या कामाचा आहे, असे त्यांनी सांगितले आणि काम पुन्हा नीट करून देण्याची तयारी दाखवली. मॉर्गनने वीज ठेवली. मला वाटते, विजेचा धंदा त्या दिवशी बचावला तो या एका सरळ उत्तरामुळे.

अशाच आगींतून नियम जन्माला आले. आधी विमेवाल्यांनी अटी घातल्या. १८९७ साली अमेरिकेत पहिली राष्ट्रीय वीजसंहिता तयार झाली. आपल्याकडे १९१० चा वीज कायदा आला, १९५६ चे नियम आले, आणि परवानाधारक ठेकेदाराशिवाय व जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय हे काम करू नये असे ठरले.

नव्याने परवाना मिळालेल्या पोराला आजही याच इतिहासाचे धडे गिरवावे लागतात. बटण फेजच्याच तारेवर घ्यायचे, न्यूट्रल सरळ दिव्याकडे न्यायचा; नाहीतर बटण बंद असूनही होल्डर जिवंत राहतो आणि दिवा बदलणाऱ्याच्या जिवावर बेततो. एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटपलीकडे नको, हा आपल्याकडचा जुना दंडक. मोठ्या दुकानाचे दिवे तिन्ही फेजांवर सारखे वाटायचे. सनबरीच्या तराजूचाच हा वंशज! शिवाय अशा वाटणीमुळे एक फ्यूज उडाला तरी सारे दुकान अंधारात जात नाही, गिऱ्हाइकाच्या हातातील लुगडे कोणत्या रंगाचे हे दिसत राहते.

तारेला मध्येच जोड द्यायचा नाही, बटणापासून बटणाकडे आणि होल्डरपासून होल्डरकडे लूप घेत जायचे, हाही असाच एक धडा. यात तार थोडी अधिक लागते. नवशिक्याला हे उधळेपणाचे वाटते. पण भिंतीत पुरलेला जोड सैल झाला की तो तापतो, आणि शोधायचा तर भिंत फोडावी लागते. बटणातला जोड दोन स्क्रू काढले की हाती येतो. काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक आमची आजी धान्याच्या कोठारावरून समजावीत असे. वायरमन तो तारेवरून शिकतो.

लाकडी गिट्ट्या आणि पट्ट्या गेल्या, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे पाइप आले. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारी बटणे आली. दिव्यांचा भार तर एलईडीने कितीतरी उतरवला. परंतु सैल जोड तेव्हाही तापत होता, आजही तापतो. तेव्हा यंदा बाजारातील रोषणाई पाहताना, वाचकहो, जो दिसत नाही त्या हाताचीही क्षणभर आठवण ठेवावी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकानदार निर्धास्तपणे कुलूप लावून घरी फराळाला जातो, तो बऱ्याच अंशी त्याच हाताच्या भरवशावर.