मनाच्या वैद्याकडील पहिली बैठक : एक इतिहास



आपल्या कोलाड-रोह्याकडे एखाद्या माणसाची झोप उडाली, कामावरून मन उतरले, चार माणसांत बसणे नकोसे झाले, म्हणजे घरातली मंडळी काय करतात हे मी आपणांस सांगावयास नको. कोणी देवळात कौल लावण्यास सुचवितो, कोणी डॉक्टरांकडून ताकदीचे इंजेक्शन घ्यावयास सांगतो, कोणी 'मुंबईला भावाकडे चार दिवस राहून ये' म्हणतो. एवढे करूनही भागले नाही, तर कोणीतरी दबक्या आवाजात मानसोपचाराचे नाव काढतो आणि तेथे बोलणे खुंटते. याला लोक भित्रेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. देवळात गेल्यावर काय होणार, दवाखान्यात काय होणार, कचेरीत काय होणार, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. परंतु नुसते बोलावयाचे असते अशा त्या खोलीत पहिल्या दिवशी काय होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना कोणी सांगितले आहे. जेथे काय होणार हे ठाऊक नाही, तेथे शहाणा मनुष्यही उंबरठ्यावर थबकतो.

हे अज्ञान आले कोठून, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्याच भागातून सुरू होतो. आपल्या दक्षिणेस रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ साली स्थापन झाले, उत्तरेस ठाण्याचे १९०१ साली. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो त्या जिल्ह्यातील, माणसाच्या दृष्टीने मनाचा दवाखाना म्हणजे हीच दोन दूरची नावे. त्यांचा दरवाजा कोणत्या रीतीने उघडे, हे १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'मध्ये पाहावे. नातलगांनी अर्ज करावयाचा, डॉक्टरांनी दाखले द्यावयाचे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावयाचा. रस्त्यात भ्रमिष्ट अवस्थेत फिरणारा सापडला, तर त्याला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावयाचे. आपण होऊन राहू इच्छिणाऱ्यासाठी त्या कायद्यात एक लहानशी खिडकी होती खरी, पण रुग्णालयाच्या दोन सरकारी अभ्यागतांनी संमती दिली तरच ती उघडे. सारांश, वेड्याला 'नेत' असत. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे, तर त्या वाक्याचा कर्ता रुग्ण कधीच नसे. 'याला ठाण्याला पाठवा' ही आपल्याकडील थट्टा त्या दिवसांची आठवण आहे. कायदा १९८७ साली बदलला, १९९३ पासून नवा अमलात आला, पण थट्टा राहिली. आणि थट्टेबरोबर तिच्या पोटातली भीतीही राहिली.

याच सुमारास युरोपात एक निराळीच गोष्ट घडत होती. व्हिएन्ना शहरात जोसेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर १८८० ते १८८२ या काळात बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करीत होते. आपल्या लक्षणांची हकीकत आठवून बोलून टाकली, की तेवढ्यापुरते बरे वाटते, असे त्या मुलीला आढळले. 'बोलण्याचा उपाय' हे नाव तिने स्वतः दिले. ती त्या उपायाने पूर्ण बरी झाली नाही, पुढेही तिला काही काळ आरोग्यधामात राहावे लागले, हेही सांगितले पाहिजे. परंतु ही स्त्री नंतर उभी राहिली आणि १९०४ साली तिने जर्मनीतील ज्यू स्त्रियांची मोठी संघटना काढली. या उपचाराचे नाव वैद्याने ठेवलेले नाही, रुग्णाने ठेवलेले आहे, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ब्रॉयरचे तरुण सहकारी सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली उपचाराच्या आरंभाविषयी एक स्वतंत्र लेख लिहिला. पहिल्या भेटीत काय ठरवावे, हाच त्याचा विषय आहे. नव्या रुग्णाला ते प्रथम एक-दोन आठवड्यांच्या बोलीवर घेत; आपला उपाय याला लागू पडेल की नाही, हे तेवढ्यात पाहत. रुग्णाची वेळ ठरलेली असे आणि फीची गोष्ट ते पहिल्यानेच मोकळेपणी काढीत. कोठून सुरुवात करावयाची, हे रुग्णाने ठरवावे. घरून भाषण तयार करून आणू नये. मनात येईल ते, क्षुल्लक वाटले, लाज वाटली, तरी सांगावे, एवढाच नियम. आगगाडीत खिडकीपाशी बसलेला प्रवासी आत बसलेल्याला बाहेरचे दिसेल ते सांगत जातो, तसे सांगत जा, असा दृष्टांत त्यांनी दिला आहे. कोकण रेल्वेच्या पहिल्या स्थानकाच्या गावात राहणाऱ्यांना तो समजावून द्यावयास नको. 'किती दिवस लागतील?' या प्रश्नाला त्यांनी इसापाच्या गोष्टीतले उत्तर दिले. वाटसरूने अंतर विचारले तेव्हा शहाणा म्हणाला, 'चाल.' त्याची चाल पाहिल्याशिवाय वेळ कशी सांगावी?

हा विचार हिंदुस्थानात फार लवकर आला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली. मुंबईत टाटांच्या समाजकार्याच्या विद्यालयात १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघाले आणि १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी मानसिक रुग्णांसाठी बाह्य विभाग उघडला. बाह्य विभाग हे शब्द रूक्ष आहेत, पण त्यांत एक क्रांती आहे. मॅजिस्ट्रेट नाही, हुकूम नाही. खोकल्याच्या आणि पोटदुखीच्या रुग्णांप्रमाणे केस-पेपर काढावयाचा, रांगेत बसावयाचे, भेटावयाचे आणि संध्याकाळी घरी परत यावयाचे. त्या दिवसापासून 'नेले' या क्रियापदाच्या जोडीला 'गेला' हे क्रियापद आले.

मात्र गेलेला माणूस रिकाम्या मनाने जात नाही. तो आपल्या गावची रीत बरोबर नेतो. कोकणात आपण देवाला गाऱ्हाणे घालतो, पण ते बहुधा आपल्या वतीने गुरव किंवा गावचा जाणता घालतो, तेही चारचौघांत. कौल लावतो, तेव्हा उत्तर तेथल्या तेथे मिळते : कळी उजवीकडे पडली की हो, डावीकडे पडली की नाही. या रीतीत मनाला आधार देणारे पुष्कळ आहे. तिची टवाळी करण्यासाठी मी उभा नाही. पण या सवयीचा मनुष्य जेव्हा मानसोपचारकासमोर बसतो, तेव्हा तो कौल मागतो. 'नोकरी सोडू की नको? सून वेगळी राहू म्हणते, काय करू?' आणि समोरचा उलट विचारतो, 'तुम्हांला काय वाटते?' मनुष्य निराश होऊन घरी येतो व म्हणतो, 'पैसे घेतले आणि मलाच प्रश्न विचारले.' पुष्कळांचा उपचार या पहिल्या भेटीतच संपतो.

आपल्याकडील जाणत्या डॉक्टरांना ही अडचण दिसली होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य पद्धत जशीच्या तशी न उचलता पतंजलीच्या योगविचारावर उपचार बेतला आणि १९६६ साली त्याविषयी ब्रिटिश नियतकालिकात लिहिले. डॉ. नेकी यांनी १९७३ साली असे मांडले, की भारतीय रुग्ण आपल्या उपचारकात गुरू शोधतो, तेव्हा गुरु-शिष्याच्या नात्याचाच उपचारासाठी विचार करावा. उलट, अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या ग्रंथात सल्ला देणे जवळजवळ वर्ज्यच केले आणि समोरच्याचे बोलणे मन लावून ऐकणे व समजून घेणे यावर भर दिला. या वादाला १९७९ साली एडवर्ड बॉर्डिन यांनी चांगले वळण दिले. पद्धत कोणतीही असो, उपचार तीन गोष्टींवर उभा राहतो : कोठे पोहोचावयाचे याविषयी दोघांचे एकमत, त्यासाठी काय करावयाचे याविषयी एकमत, आणि परस्परांवर विश्वास. पहिली बैठक या तिन्हींची पायाभरणी होय.

आता त्या खोलीत प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते. फ्रॉइडच्या काळचा कोच आता बहुतेक ठिकाणी नसतो. दोघे समोरासमोर खुर्च्यांवर बसतात. काय त्रास होतो, केव्हापासून, झोप-भूक कशी आहे, घरी कोण कोण आहे, पूर्वी काही औषधपाणी झाले का, दारूची सवय आहे का, हे विचारतात. 'जीव द्यावा असे मनात येते का?' हेही सरळ विचारतात. त्या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे उघड्यावर येते. सर्व काही पहिल्याच दिवशी सांगण्याची सक्ती नसते. 'हे आज सांगवत नाही' असे म्हटले तरी चालते. रडू आले तर येऊ द्यावे. घरी परतताना हलके वाटेल असे नाही. कित्येकांना थकवा येतो, जुनी जखम उघडल्यासारखे वाटते. एवढ्यावरून उपाय चुकला असे समजू नये.

आपणही विचारावे. आपले शिक्षण काय, नोंदणी आहे काय, पद्धत कोणती, फी किती, वेळ चुकली तर काय, सुधारणा होते आहे हे कशावरून पाहावयाचे? मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध लिहून देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. असे विचारणे उद्धटपणाचे नव्हे. फ्रॉइड जर रुग्णाला एक-दोन आठवडे पारखून घेत होते, तर रुग्णानेही वैद्याला दोन-तीन बैठका पारखून घेण्यास कोणती हरकत आहे?

काहींना दुसऱ्यांदा नव्या माणसाकडे जावे लागते. पहिल्याची बदली होते, आपण गाव सोडतो, किंवा सूर जुळत नाही. सारी रामकहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार, या विचारानेच जीव कंटाळतो. येथे एक सोय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. तो कागद बरोबर न्यावा, आणि 'मागच्या वेळी याचा उपयोग झाला, याचा झाला नाही' एवढे चार वाक्यांत सांगावे. सूर जुळला नसेल तर न सांगता पाठ फिरवण्यापेक्षा तसे तोंडावर सांगावे. जाणता उपचारक ते मनाला लावून घेत नाही, पुष्कळदा तेथूनच खरे बोलणे सुरू होते.

'हे सारे शहरी, इंग्रजी शिकलेल्या लोकांचे' असे कोणी म्हणेल. त्याला मी गोव्याकडे बोट दाखवीन. १९९९ पासून आपल्या कोलाड स्थानकावरून मालगाडीवर चढलेले ट्रक गोव्यात वेर्ण्याला उतरू लागले. त्याच गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने औदासीन्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ बैठकांचा बोलण्याचा उपचार दिला. तो देणारी माणसे डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हती. स्थानिक, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. सोडून दिलेली लहान-लहान कामे पुन्हा हाती घ्यावयास लावणे, हा त्यांचा मुख्य मार्ग. तीन महिन्यांनी बोलण्याचा उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ६४ जणांचे औदासीन्य ओसरले होते, इतरांपैकी शेकडा ३९ जणांचे. अमेरिकेतही १९८६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सुमारे आठ बैठकांत निम्म्या लोकांत सुधारणा दिसते असे आढळले. म्हणजे एका बैठकीवरून निकाल देऊ नये, आणि आठ बैठकांत काहीच हलले नाही तर विचारल्याशिवाय राहू नये.

लहान गावात सर्वांत मोठी शंका निराळीच असते : 'बाहेर कळले तर?' २०१७ च्या कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, असे काही थोडे अपवाद आहेत. ते कोणते, हे पहिल्या बैठकीतच विचारून घ्यावे. गाऱ्हाणे चव्हाट्यावर घालतात, हे बोलणे त्या खोलीत राहते. प्रवास करणे जमत नसेल त्यांच्यासाठी २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनीसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीत बोलता येते. पहिली पायरी तेथूनही चढता येईल.

१९१२ साली या जिल्ह्यातील माणूस मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने नेला जात असे. आज तो आपल्या पायांनी जातो, प्रश्न विचारतो, कागद मागतो आणि पटले नाही तर दुसरीकडे जातो. एवढा पल्ला गाठावयास शंभर वर्षे लागली. आपल्या घरातील कोणी उद्या त्या वाटेने निघाला, तर 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपण बंद करावी, आणि त्याला म्हणावे, 'जाऊन ये. एका भेटीत कौल मिळणार नाही, तेव्हा पुन्हा जा.' इतके सांगून मी आपली रजा घेतो.