‘दीनमित्र’ : खेड्यातून निघालेले वृत्तपत्र आणि त्याची भाषा

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा मुंबई व पुणे या दोन शहरांभोवतीच लिहिला गेला आहे. १८३२ मध्ये मुंबईस ‘दर्पण’ निघाल्यानंतर काही दशकांतच ठाणे, रत्नागिरी, सोलापूर अशा ठिकाणीही पत्रे सुरू झाली. परंतु जेथे कचेरी, टपाल व इंग्रजी शाळा तेथेच वृत्तपत्र जगते, हा समज त्यामुळे हलला नाही. तो खोटा ठरविला ‘दीनमित्र’ या साप्ताहिकाने. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यात २३ नोव्हेंबर १९१० रोजी ते सुरू झाले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी येथून अर्धशतकाहून अधिक काळ चालले.

संपादक मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र. दत्तक गेल्यामुळे ते पाटील झाले. भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास सत्यशोधक चळवळीचे ‘दीनबंधु’ काढले होते. ते त्यांना पेलले नाही व १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. ‘दीनमित्र’ हे नावही नवे नव्हते. त्या नावाचे मासिक १८८८ मध्ये निघून थोडक्याच काळात बंद पडले होते. म्हणजे मुलाच्या हाती आले ते दोन अपयशांचे वारसापत्र. त्यात १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याची सोय सरकारला करून दिली होती. अशा वर्षी, तेही खेड्यात, पत्र काढणे व्यवहारी माणसाला वेडेपणाचेच वाटले असते.

वाचक तरी कोठे होते? १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम सहा माणसे साक्षर आढळली. कुणबी-माळ्यांच्या वस्तीत हे प्रमाण त्याहूनही कमी असणार हे उघड आहे. शिवाय साक्षरतेचे गावात दोन प्रकार होते. शाळेत शिकविली जाई ती बालबोध. जमिनीचे दाखले, वसुली, कर्जखते यांचा व्यवहार मोडीत. ही मोडी कुलकर्ण्याच्या हातची. शेतकऱ्याचा मुलगा बालबोध वाचावयास शिकला तरी स्वतःच्या शेताचा कागद त्याला वाचता येईलच असे नव्हते. ‘दीनमित्र’कारांनी कुलकर्णी, सावकार व भटजी यांवर जी सतत टीका केली, तिच्याकडे केवळ जातिद्वेष म्हणून पाहणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही. भांडण बऱ्याच अंशी लेखणीच्या मालकीचे होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून तलाठी नेमले, ते याच दुखण्यावर.

अशा गावात छापील मजकूर पोचावयाचा तो डोळ्यांपेक्षा कानांनी. याची सवय मात्र गावाला होती. नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान. ‘भक्तिलीलामृत’ लिहिणारे महीपती शेजारच्या राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. एकाने पोथी लावावी व सर्वांनी ऐकावी, ही रीत येथे शतकानुशतकांची होती. १९१३ मध्ये मुकुंदरावांनी जे पद्य प्रसिद्ध केले त्याचे नाव ‘कुलकर्णीलीलामृत’! त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे नाव ‘शेटजीप्रताप’. त्यामागे श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चा घोष ऐकू येतो. लीला आणि प्रताप हे शब्द ज्या श्रोत्याने देवाभक्तांच्या संदर्भात हजार वेळा ऐकले, त्याला त्यातील उपहास समजावून सांगण्याची गरज नव्हती. नागर वृत्तपत्रांनी संस्कृत समास व इंग्रजी वाक्यरचना यांच्या मिश्रणातून आपली अग्रलेखी भाषा घडविली. येथे नमुना पोथीचा आहे. भाषाभ्यासकांनी या फरकाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे नमूद केले पाहिजे.

अंतराचाही प्रश्न होता. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून मुंबईच्या ‘दीनबंधु’ने पुढचा मजकूर थांबविला, आणि फुल्यांनी त्याबद्दल आपली नाराजी लपविली नाही. शहरातील संपादकाला भीती सरकारची. खेड्यातील संपादकाला सरकार दूर. ज्याच्यावर लिहावयाचे तो मात्र शेजारच्याच आळीत राहणारा. त्याच्याच दप्तरात संपादकाच्या शेताची नोंद. ‘दीनमित्रा’च्या धारदार लेखनाची किंमत ठरवावयाची ती हे ध्यानात ठेवूनच.

डिसेंबर १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले आणि त्या वर्षाबरोबर पत्रही संपले. तोवर कुलकर्णी वतने जाऊन तलाठी आले होते, आणि सरकारी दप्तर मोडी सोडून बालबोधीत लिहिले जाऊ लागले होते.