एकाच रंगाने दिलेला रोग आणि दिलेली दृष्टी: मूत्राशयाच्या कर्करोगाचे भाकीत

१/ इ.स. १८९५. जर्मनीतील फ्रांकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी एक अस्वस्थ करणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत होता.

२/ डांबरापासून बनणाऱ्या कृत्रिम रंगांचे ते युग होते. नेमका दोषी सापडायला चार दशके लागली. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की रंग-उद्योगातील बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रसायन मूत्राशयात कर्करोग निर्माण करते.

३/ ज्या रंगांच्या कारखान्यांनी हा रोग दिला, त्याच रंगांनी वैद्यकाला नवी दृष्टीही दिली. १८७९ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी काचपट्टीवरील रक्त कृत्रिम रंगांनी रंगवले, तेव्हा पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार वेगळे ओळखू येऊ लागले. त्यांच्या मिश्रणांत फुक्सिनपासून केलेला रंगही होता. ‘न्यूट्रोफिल’ हे नावही या रंगकामातूनच आले.

४/ कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी असतात, हे रुडॉल्फ फिरखो यांनी त्यापूर्वीच, १८६३ मध्ये नोंदवले होते. दाह आणि कर्करोग यांचे नाते त्यांनी सुचवले. परंतु रुग्णाचे पुढे काय होणार, हे त्यावरून सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते.

५/ याच काळात माक्सिमिलिआन निट्झे यांच्या दुर्बिणीमुळे मूत्राशयाच्या आत डोकावता येऊ लागले. गाठ दिसू लागली, पण तिचा स्वभाव दिसेना. आज निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत ती स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. ती मूत्रमार्गातून खरवडून काढता येते. मात्र अनेकांत पुन्हा उगवते आणि काहींत स्नायूत शिरते.

६/ म्हणून रुग्णाला वर्षानुवर्षे दुर्बिणीच्या तपासणीला सामोरे जावे लागते. मूत्राशय घाईने काढले, तर जन्मभराची हानी विनाकारण पदरी येते. उशीर झाला, तर जीव जातो. कोणाची गाठ कोणत्या वाटेने जाणार, हे आधी कळणे म्हणूनच मोलाचे.

७/ १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी ९ रुग्णांवरील अनुभव मांडला. क्षयाविरुद्ध टोचली जाणारी बीसीजी लस त्यांनी थेट मूत्राशयात सोडली होती. तिने रोगप्रतिकारशक्ती चेतवली आणि गाठी पुन्हा उगवण्याचे प्रमाण घटले. रुग्णाचे भवितव्य केवळ गाठीवर नव्हे, तर त्याच्या शरीराच्या प्रतिकारावरही अवलंबून असते, हे यातून उघड झाले.

८/ त्या प्रतिकाराचे माप रक्तात सापडेल काय? २००१ मध्ये ब्रातिस्लाव्हाचे रॉबर्ट झाहोरेत्स यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी एक साधा भागाकार सुचवला: न्यूट्रोफिलची संख्या भागिले लिम्फोसाइटची संख्या. दाह वाढला की पहिल्या पेशी वाढतात. शरीरावर ताण आला की दुसऱ्या घटतात. कर्करोग-संशोधकांनी हे गुणोत्तर पुढे आपलेसे केले.

९/ २००६ मध्ये युरोपीय संशोधकांनी २,५९६ रुग्णांच्या माहितीवरून मूत्राशयाच्या प्रारंभिक कर्करोगासाठी जोखीम-तक्ते तयार केले. गाठींची संख्या, आकार, खोली, पेशींची प्रत असे ६ निकष त्यांत होते. रक्ताचा एकही नव्हता. ही उणीव भरण्यासाठी पुढील अनेक अभ्यासांनी या गुणोत्तराकडे पाहिले. ते अधिक असलेल्या रुग्णांत रोग परतण्याचा वा बळावण्याचा धोका अधिक असल्याचे त्यांतील बऱ्याच अभ्यासांत आढळले.

१०/ तरीही सावधगिरी आवश्यक आहे. साधा जंतुसंसर्ग किंवा स्टिरॉइडची गोळीही हे गुणोत्तर बदलते. बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत आणि ‘अधिक’ म्हणजे किती, याची सीमारेषा प्रत्येकाने निराळी आखली आहे. त्यामुळे केवळ या आकड्यावरून मूत्राशय काढण्याचा वा राखण्याचा निर्णय होत नाही.

११/ शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या सीबीसी तपासणीत हे दोन्ही आकडे आयतेच मिळतात, वेगळा खर्च लागत नाही. रुग्णांना आधीपासून नोंदवून, एकच सीमारेषा ठरवून केलेल्या अभ्यासांत हे गुणोत्तर टिकले, तर जोखीम-तक्त्यात त्याला जागा मिळेल. तोवर भरवसा निट्झे यांच्या दुर्बिणीच्या वारसदारांवर आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्यावरच आहे.