परदेशातील नोकरी आणि एजंटचा परवाना : कायदा काय सांगतो?

आखाती देशात ड्रायव्हर, वेल्डर किंवा हेल्पर म्हणून पाठवतो असे सांगून एजंट दोन-तीन लाख रुपये मागतो. घरचे दागिने गहाण पडतात, सावकाराचे कर्ज निघते. वस्त्यांमध्ये काम करताना अशी घरे आम्ही पाहिली आहेत. पैसे देण्याआधी एजंटचा परवाना तपासायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

परवाना कोणाचा?
उत्प्रवासन अधिनियम, १९८३ च्या कलम १० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. हे प्रमाणपत्र परराष्ट्र मंत्रालयातील 'प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स' देतात. त्यासाठी एजंटला बँक हमी द्यावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. गावोगाव फिरणाऱ्या सब-एजंटला कायद्यात स्थान नाही. पैसा मात्र बहुतेक वेळा त्याच्याच हातात जातो, तोही पावतीशिवाय.

फी किती?
सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये आहे. पैसे बँकेमार्फत द्या आणि पावती घ्या.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ याच्याही पुढे जातो : कामगाराकडून फी घेऊच नये, हे त्याचे तत्त्व आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

दहावी न झालेल्यांसाठी
दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद असते. त्यांना कामासाठी १८ देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाख रुपयांचा अपघाती विमा मिळतो. "टुरिस्ट व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिकडे करू," असे एजंट म्हणाला, तर ही मंजुरी आणि हा विमा दोन्ही हातचे जातात.

फसवणूक झाली तर
कलम २४ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लाखो रुपये लुबाडणाऱ्याला दोन हजारांचा दंड! ही रक्कम वाढवण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी कलम २७ नीट वाचावे. या कायद्याखाली खटला भरण्यास केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. परंतु परदेशी गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या व्यक्तीने स्वतः, किंवा तिच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुले, भाऊ अथवा बहीण यांनी तक्रार केल्यास या मंजुरीची गरज नाही. म्हणून तक्रार संघटनेच्या लेटरहेडवर न देता कुटुंबाच्या नावाने द्यावी. फसवणुकीचा गुन्हा पोलिसांत वेगळा नोंदवता येतो.

काय जपून ठेवावे?
पावती, बँकेची नोंद, नोकरीचा करार, व्हिसाची प्रत आणि एजंटचे व्हॉट्सअॅप संदेश. लाजेपोटी अनेक घरे गप्प बसतात आणि तोच एजंट पुढच्या गावात जातो. तरुण मंडळांनी निदान एवढे करावे : वस्तीतला कोणीही पैसे देण्याआधी त्याच्यासोबत बसून एजंटचे नाव यादीत आहे का, ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.