कापलेली पँट आणि बर्फावरची बॅटरी

ताम्हिणीच्या कड्याखाली कुणाचा मृतदेह सापडला की आधी हद्द पाहावी लागते. कडा मुळशीत असतो, दरी बऱ्याचदा रायगड जिल्ह्यात. अंधारबनाची वाटसुद्धा मुळशीतल्या पिंपरीला सुरू होते आणि रायगडातल्या भिऱ्याला उतरते. हद्द ठरली की पौडला किंवा घाटाखालच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि मरणोत्तर पंचनामा लिहिला जातो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी समोर लागतात. जखमा, मोडलेली हाडे आणि खरचटल्याच्या खुणा टिपल्या जातात, आणि त्याबरोबर अंगावरचे कपडेही. वाचणारा कपड्यांच्या ओळी सहसा भरभर ओलांडतो.

त्या ओळींना किती वजन असते, हे डोंगरातल्या मृत्यूंच्या सर्वांत गाजलेल्या फाइलमध्ये दिसते. ती फाइल उरल पर्वतातली, १९५९ सालची आहे.

स्वेर्दलोव्स्कच्या उरल पॉलिटेक्निकमधल्या इगोर द्यात्लोव्हच्या नेतृत्वाखाली दहा जण जानेवारीत स्कीवरच्या मोहिमेला निघाले. युरी युदिन आजारी पडून २८ जानेवारीला माघारी वळला आणि वाचला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीला खोलात स्याख्ल डोंगराच्या उघड्या उतारावर तंबू ठोकला. १२ फेब्रुवारीच्या सुमारास ते विझाय गावी परतायला हवे होते. शोधपथकातल्या बोरिस स्लोब्त्सोव्ह आणि मिखाईल शाराविन या विद्यार्थ्यांना तंबू दिसला तो २६ फेब्रुवारीला. आत बूट, गरम कपडे आणि खाण्याचे सामान होते, माणूस एकही नव्हता. उतारावरून झाडीकडे पावलांचे ठसे गेले होते. काही ठसे मोज्यांचे होते, काही अनवाणी पायांचे.

हा देखावा कुणीतरी रचला, असे मानणारे त्यासाठी याच फाइलमधले कागद पुढे करतात. त्यातले दोन तपासण्याजोगे आहेत.

पहिला कागद तारखेचा. मुखपृष्ठावर प्रकरण सुरू झाल्याची तारीख ६ फेब्रुवारी आहे, आणि आतल्या एका जबाबावरही तीच. तेव्हा गट परतायची मुदतसुद्धा उलटली नव्हती. मग पोलिसांना आधीच कसे कळले? पण प्रकरण सुरू करण्याचा प्रत्यक्ष आदेश २६ फेब्रुवारीचा आहे. जबाबावर मार्चच्या जागी फेब्रुवारी लिहिला गेला असेल, तर मुखपृष्ठ त्या चुकलेल्या जबाबावरून भरले गेले असे मानता येते. चूक सिद्ध झालेली नाही, पण एकट्या तारखेवर कट उभा राहत नाही.

दुसरा कागद स्लोब्त्सोव्हचा जबाब. तंबूच्या छतावर चिनी बनावटीची एक बॅटरी पडली होती. तिच्याखाली पाच ते दहा सेंटिमीटर बर्फ होते, वर मात्र काहीच नव्हते. बटण दाबताच ती लागली. तंबूवर बर्फ साचल्यावर ती कुणी ठेवली? प्रश्न रास्त आहे. मात्र उतारावरचा वारा वरचे भुरभुरीत बर्फ उडवून नेतो, हेही खरे. शिवाय सरकारी पंचनाम्याआधीच स्लोब्त्सोव्ह आणि शाराविन यांनी आइस अॅक्सने तंबूचे कापड फाडले होते, आणि आतल्या काही वस्तू तळावर नेल्या होत्या. फिर्यादी पक्षाचा अधिकारी तेंपालोव्ह दुसऱ्या दिवशी पोचला आणि तंबूची रीतसर नोंद त्यानंतर झाली. म्हणजे कागदावर उतरलेला देखावा तोवर शोधणाऱ्यांच्या हातून गेलेला होता. रचलेला आणि विसकटलेला, हे दोन देखावे वरवर सारखेच दिसतात.

शोधणाऱ्यांच्या हाताशी संबंध नसलेली एक खूण त्याच तंबूवर होती. स्वेर्दलोव्स्कच्या प्रयोगशाळेतल्या हेन्रिएटा चुर्किना यांनी एप्रिलमध्ये कापड तपासले. धाग्यांवर पात्याचे ओरखडे आतल्या बाजूने होते. तंबू आतून कापला होता.

आता कपडे पाहू. तंबूपासून सुमारे दीड किलोमीटरवर एका मोठ्या सीडर वृक्षाखाली, विझलेल्या शेकोटीपाशी युरी दोरोशेंको आणि युरी क्रिवोनिश्चेंको सापडले. अंगात शर्ट आणि आतले कपडे, पायांत बूट नाहीत. झाडापासून तंबूकडे जाणाऱ्या रेषेवर द्यात्लोव्ह, झिनाइदा कोल्मोगोरोव्हा आणि रुस्तेम स्लोबोदिन मिळाले. स्लोबोदिनच्या एकाच पायात नमद्याचा बूट होता.

उरलेले चौघे मे महिन्यात हाती लागले. बर्फ वितळू लागल्यावर आधी कपडेच वर आले. त्यात एक पाय कापून काढलेली काळी स्की-पँट होती आणि अर्धा लोकरी स्वेटर होता. त्या मागावर खोदत गेल्यावर शेकोटीपासून ७५ मीटरवर ओढ्याच्या घळीत, तपास अधिकारी लेव इवानोव्ह यांच्या २८ मेच्या समारोपाच्या ठरावानुसार चार ते साडेचार मीटर बर्फाखाली, मृतदेह होते. जवळच कोवळ्या झाडांचे शेंडे अंथरून बसायची जागा केली होती आणि तिच्यावर कपडे ठेवलेले होते.

त्याच ठरावात कपड्यांचा हिशेब आहे. घळीतल्यांच्या अंगावर आणि आसपास क्रिवोनिश्चेंको आणि दोरोशेंको यांच्या पँट आणि स्वेटर होते. त्यांवर सरळ काप होते, जणू मृत शरीरावरून कापून काढले असावेत. ल्युदमिला दुबिनिनाच्या उघड्या पायाला क्रिवोनिश्चेंकोच्या लोकरी पँटचा तुकडा गुंडाळला होता. तिचे जाकीट आणि टोपी सेम्योन झोलोतार्योव्हच्या अंगावर होती. क्रिवोनिश्चेंकोची सुरीही तिथेच मिळाली.

कडाक्याच्या थंडीत मरणारा माणूस काही वेळा शेवटी भ्रमात कपडे काढून टाकतो. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ३३ मृत्यूंची छाननी झाली होती. सीडरखालच्या दोघांच्या उघडेपणाचे कारण म्हणून तेच अनेकदा सांगितले जाते. पण भ्रमिष्ट माणूस कपडे ओढून फेकतो. पँटचा एक पाय सुरीने सरळ कापून मित्राच्या पावलाला गुंडाळत नाही.

या कापांमधून घटनांचा क्रम लागतो. झाडाखालचे दोघे आधी गेले. जिवंत असलेल्यांनी त्यांचे कपडे कापून घेतले, काही वाटेत पडले, काही अंथरले, काही ज्याला जास्त गरज त्याला दिले. सगळा देखावा परक्याने रचला म्हणायचे, तर त्याने ही मदतीची साखळीही रचली असे मानावे लागते, आणि तिचे शेवटचे टोक तीन महिने कुणाला दिसणार नाही अशा जागी ठेवले असेही.

काही कपड्यांवर किरणोत्सर्गाचे अंश मिळाले, म्हणून लष्करी गुपिताची चर्चा सुरू झाली. क्रिवोनिश्चेंको चेल्याबिन्स्क-४० च्या अणुकेंद्रात नोकरीला होता, आणि १९५७ साली तिथे मोठा अपघात झाला होता. कपडे इकडून तिकडे गेले होते, त्यामुळे ‘हा कपडा मूळचा कुणाचा’ हे ठरल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

कपडे सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. घळीतल्या तिघांच्या मोडलेल्या फासळ्या आणि कवटी त्यांतून उलगडत नाही, आणि माणसे तंबू फाडून का पळाली हेही नाही. इवानोव्ह यांनी माणसांना न पेलणारी निसर्गशक्ती एवढेच कारण लिहून फाइल मिटली. २०२० मध्ये रशियन अधिकाऱ्यांनी हिमस्खलनाचा निष्कर्ष दिला. जानेवारी २०२१ मध्ये योहान गॉम आणि अलेक्झांडर पुझरिन यांनी, तंबूसाठी उतार कापल्यावर काही तासांनी लहानशी हिमलादी कशी सरकू शकते, याचे गणिती प्रारूप मांडले. त्या रात्रीचे कारण त्याने संभाव्य ठरते. त्यानंतर ते नऊ जण एकमेकांशी कसे वागले, हे मात्र कपड्यांनीच सांगितले आहे.

मुळशीत बर्फ नाही, पाणी आहे. जुलैतला ओढा बूट ओढून नेतो, शर्ट डोक्यावर चढवतो, पँट खडकाला फाडतो. अशा उघड्या मृतदेहाकडे पाहून घातपाताचा संशय घेणे सोपे असते, आणि खरा घातपात पाण्याच्या नावावर खपवणेही तितकेच सोपे. काप सरळ की फाटका, बूट कुठल्या पायात, लेस बांधलेली की सुटलेली, हे मृतदेह दोरावर चढवण्याआधी पाहावे लागते. वर रस्त्यावर आणून पंचनामा लिहिला, तर कपड्यांची नोंद दोराने घासलेल्या, वाटेत ओढल्या गेलेल्या कपड्यांची होते. दरीत उतरणाऱ्या बचाव पथकाच्या हातात मोबाइल असतोच. पहिला फोटो मृतदेहाला हात लावण्याआधीचा असला, तर पुढे पंचनामा वाचणाऱ्याला त्या ओळींवर विसंबता येते.